सावडीतला एक हात

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तशातली ही गोष्ट नाय. बाई जिती आहे, आमच्याच वाडीत आहे, आणि भाताच्या लावणीत तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाय. गिरजाबाई तिचं नाव. चिखलात उतरली की डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात टोच टोच चाललेला आणि पाय मागे मागे सरकत. बाकीच्या बाया अर्ध्या खाचरात असायच्या तेव्हा ही मागच्या बांधाला लागून ओरडायची, “काय गो, का मुक्काम करताव हितंच? हातरुणं आणू का?”

वाडी रोह्याहून आत, डोंगराच्या कुशीला. भात घ्यायचं, भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, असं आमचं वर्ष. गिरजाबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा साईराज धाटावला कंपनीत, शिफ्टवर. त्याने रोह्याला लागून वरसे गाव, तिथे वरशाला दोन खोल्यांची जागा घेतलीन, बायको सुरभी रोह्यात औषधाच्या दुकानात कामाला जाते. ते दोघं चांगले आहेत. आईला ये ये म्हणतात. पण हिची दोन खाचरं वाडीत, चार कोंबड्या वाडीत, आणि सावड वाडीत.

सावड काय ते रोह्यातल्या पोरांनासुद्धा आता सांगावं लागतं. आमच्यात आठ घरांची सावड. घरटी एक हात. आज एकाच्या शेतात सगळे उतरायचे, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्याने दुपारची भाकरी-कालवण द्यायचं. मजुरी नाय, हिशेब नाय. तू माझ्या चिखलात उतरलास म्हणून मी तुझ्या चिखलात. एखाद्या घरचा हात येईनासा झाला तर त्याच्याशी कोणी भांडत नाय. पुढल्या वर्षी सावडीचा म्होरक्या काळुराम, त्याच्या पडवीत पाळ्या लावायला बसतात, तेव्हा त्या घरी निरोप जात नाय, एवढंच.

गिरजाबाईला ते दहा-बारा दिवस म्हणजे वर्षाची शिदोरी होती. एरवी तिच्या घरात बोलायचं कोण? टीव्ही बोलायचा. लावणीत आठ घरांच्या बायांच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. कोणाची सून फुगलीय, कोणाचा नवरा घोरतो, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय. ते ती पुढे वर्षभर चघळायची.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. जूनचा शेवट. गिरजाबाई बांध घालत होती, फावड्याने माती ओढून. उजव्या डोळ्यापुढे चिलटं उडायला लागली. हाताने वारली, जाईनात. संध्याकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. आभाळात बघितलंन, आभाळ कोरडं. दोन दिवसांनी खालच्या बाजूने गढूळ पाणी चढावं तसं काहीतरी नजरेत चढायला लागलं. तिने ठरवलंन, मोतीबिंदू पिकतोय. आईचा असाच पिकला होता. मोतीबिंदूला काय घाई? आधी बांध.

नवव्या दिवशी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा मिटलान आणि समोरचा दरवाजाच गेला. वरची चौकट तेवढी दिसली, तीपण पाण्यात हलल्यासारखी. तेव्हा कुठे साईराजला फोन केलान.

साईराजने तिला रोह्याला दाखवलंन. तिथल्या डॉक्टरने डोळ्यात थेंब टाकून बघितलंन आणि त्याच दिवशी पेणला धाडलंन. पेणच्या त्या दवाखान्यात पडद्याची डॉक्टरीण आठवड्यातून एकदा मुंबईहून यायची. पोरगीच होती, तिशी-पस्तिशीची. बराच वेळ कपाळावरचा दिवा डोळ्यात मारून बघत राहिली.

“मावशी, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटलाय. मधला भागही सुटलाय, नीट दिसतं ते त्याच भागामुळे. किती दिवस झाले?”

“नऊ.”

“नऊ दिवस काय करत होतात?”

“बांध घालत होते.”

डॉक्टरीण साईराजकडे बघायला लागली. साईराजने मान खाली घातलीन.

“ऑपरेशन करून पडदा बसवता येईल,” ती म्हणाली. “पण आधीसारखं दिसेल असं मी सांगणार नाही. उशीर झालाय.”

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा फुगा सोडला होता. डॉक्टरणीने नीट समजावून सांगितलंन, की फुगा नेहमी वर चढतो, म्हणून तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे तो मागे चढून पडद्याला दाबून धरेल. सात दिवस. बसताना, जेवताना मान खाली, झोपायचं पालथं. वजन उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुळीत-चिखलात जायचं नाही.

“जमेल ना मावशी? कठीण जातं लोकांना.”

“मान खाली घालून?” गिरजाबाई हसली. “बाय, मी जन्मभर दुसरं काय केलंय?”

पेणहून रोह्याला परतताना गाडीत ती गुडघ्यांवर कपाळ टेकून बसली. समोरच्या बाईने नागोठणं येईपर्यंत दम धरलान, मग साईराजला हळूच विचारलंन, “कोण वारलं का हो?” गिरजाबाई खालूनच बोलली, “कोण नाय वारलं. डोळ्यात फुगा हाय.”

वरशाला साईराजच्या घरी तिला पलंगावर पालथी घातली. कपाळाखाली उशी, नाकाला जागा, आणि नाकाखाली लादी. पांढरी लादी, तिच्यात करड्या रेघा. सुरभी सकाळी जेवण करून ताट खाली पाटावर ठेवायची आणि कामाला जायची. साईराजची शिफ्ट. दहापासून सहापर्यंत घरात म्हातारी आणि लादी. टीव्ही ऐकू यायचा पण कोण कोणाला मारतंय ते दिसायचं नाय. दाराची बेल वाजायची, उठता यायचं नाय. वरच्या मजल्यावरचं बाळ पळायचं, त्याची पावलं ती ऐकत राहायची. संध्याकाळी सुनेची चप्पल दिसली की समजायचं, दिवस सरला. तोंड बघायला मिळायचं नाय कोणाचं. “आई, कंटाळलात का?” सुरभी विचारायची. “लादीला विचार,” ही म्हणायची. “ती कंटाळली असंल माझं थोबाड बघून.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. सुरभीने स्पीकर लावून फोन लादीवर ठेवलान. काळुरामची सून नम्रता बोलत होती.

“काकी, कशी हायस गो?”

“पालथी हाय. तू कशी?”

“बरी हाय. अगो, लावणी धरली. उद्या आमच्या शेतात. परवा तुझी पाळी होती, पण आमचे बाबा म्हणतात तुझं शेवटाला ठेवू.”

“का?”

“तू नायस तर हात कमी पडतो ना. तुझ्या जागी कोण यंल का? सुरभीवयनी?”

सुरभी तिथेच होती. कणकेचा गोळा तिच्या हातात तसाच राहिला. ती पोरगी जन्मात चिखलात उभी राहिली नव्हती, आणि त्यात तिचा दोष नव्हता.

“माझ्या जागी मीच यंतंय,” गिरजाबाई म्हणाली.

सुरभीने समजावलंन, रात्री साईराजने समजावलंन. गिरजाबाईच्या डोक्यात एकच गणित. डॉक्टरीण म्हणाली मान खाली ठेव. लावणी काय मान वर करून करतात? हितं पडून दहा वेळा चुकून मान उचलली जाते. चिखलात एकदा पण उचलली जाणार नाय. बाकीचं पण डॉक्टरीण बोलली होती, चिखलाचं, पाण्याचं. ते हिने ऐकलं नाय असं नाय. ते हिने फडक्याने बांधायचं ठरवलंन.

पाचव्या दिवशी सकाळी सुरभी कामाला गेली आणि गिरजाबाईने डोळ्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर दुधाची रिकामी पिशवी धुऊन लावलीन, वरून सुनेची ओढणी आवळलीन आणि नाक्यावरून सहा आसनी रिक्षा धरलीन. मान गुडघ्यात घालूनच.

काळुरामच्या खाचरात बाया उतरलेल्या होत्या. बांधावर ही दिसली तशी सगळ्यांची टोचणी थांबली.

“काकी! तुला मान वर करायला बंदी हाय ना?”

“म्हणूनच तर आलेय. दे मूठ.”

“आणि डॉक्टरीण?”

“तिला काय म्हाईत? तिनेच सांगितलंय, खाली बघ म्हणून.”

त्या दिवशी हसून हसून बायांच्या कुशी दुखल्या. गिरजाबाई दिवसभरात एकदा सरळ झाली नाय. दुपारी बांधावर बसून बैल गव्हाणीत खातो तशी भाकरी खाल्लीन. गप्पा सगळ्या चिखलाकडे तोंड करून. रांगा नागमोडी गेल्या, पण डोळा बांधलेल्या बाईच्या रांगांना कोण नावं ठेवणार? बांधलेल्या डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण आठ घरांचा गलका कानात होता. चार दिवस लादी बघितलेल्या बाईला तो पुरे होता.

रात्री साईराज आणायला आला तर ही जायला तयार नाय. आपल्याच घरात पालथी झोपली. दुसऱ्या दिवशी ठरल्या पाळीप्रमाणे सावड तिच्याच शेतात, कारण हात आता भरला होता. तिथे दुपारी साईराज पुन्हा आला, कंपनीच्या कपड्यातच, बांधावर उभा.

“आये, वर ये.”

“तूच खाली उतर. एक हात कमीच हाय.”

“डोळा जाईल तुझा!”

“मान खाली हाय ना माझी? बघ. इचार ह्यांना, येकदा तरी वर केली का.”

काळुराम म्हणाला, “वयनी, जा गो आता. तुझं शेत झालंय बहुतेक.” ते खरं होतं. शेत लागलं होतं. तेव्हा कुठे ती वर आली.

आठव्या दिवशी पेणला डॉक्टरणीने पापणीच्या मुळातून मातीचा कण काढलान. साईराजने सगळं सांगून टाकलंन. डॉक्टरीण ओरडली नाय, तेच वाईट. मग पुन्हा तपासलंन आणि म्हणाली, “आत्ता पडदा बसलेला आहे. पुढचं बघू.”

फुगा हळूहळू लहान झाला. आधी डोळ्यात पाण्याची पातळी हलल्यासारखी दिसायची, मग वाटाण्याएवढा गोळा उरला, मग तोही फुटून गेला. दोन-तीन दिवस जरा उजेड आला. आणि ऑगस्टच्या अखेरीला तेच गढूळ पाणी परत चढलं, या वेळी बाजूने.

दुसरं ऑपरेशन. पडद्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, त्या सोलून काढल्या आणि डोळ्यात तेल भरलं. या खेपेला गिरजाबाईने एकही हुकूम मोडला नाय. वरशालाच राहिली, महिनाभर. पेणहून निघायच्या आधी तिने डॉक्टरणीला विचारलंन, “बाय, खरं सांग. मी लावणीला गेले म्हणून झालं का?”

डॉक्टरीण म्हणाली, “सांगता येत नाही मावशी. चिखलात जायला नको होतं, ते नकोच होतं. पण काही न करता पडून राहणाऱ्यांचाही पडदा पुन्हा सुटतो कधी कधी. तुमचं त्याच्यामुळे झालं की नाही, मला नाही सांगता येणार.”

साईराजला ते ऐकायचं नव्हतं. त्याचं ठरलं होतं, लावणीनेच झालं. वाडीतही ज्याचं त्याचं ठरलं. कोणी म्हणालं चिखल, कोणी म्हणालं डॉक्टरणीचा हात कच्चा, कोणी म्हणालं नशीब. गिरजाबाईचं मात्र काही ठरलं नाय. दुखणं सोसता येतं, पण आपण चुकलो का नाय चुकलो हेच कळत नसलं की ते कुठे ठेवायचं? तिने तो विषय कोणाशी काढलान नाय. कोणी काढला तर कोंबड्यांना हाक मारत उठायची.

फेब्रुवारीत तेल काढलं. उजव्या डोळ्याने किती दिसतं ते तिने मला एकदा तिच्या भाषेत सांगितलंन. माणूस दिसतो, पण बारीक, उसासारखा, आणि मध्ये मोडलेला. दाराची चौकट पोटातून आत गेलेली. विजेचा खांब लाटेसारखा. मोठी अक्षरं दिसतात, पण मधलं अक्षर हरवतं. डाव्या डोळ्याने माणूस सरळ दिसतो, पण त्यातही आता मोतीबिंदू धरलाय. दोन्ही डोळे उघडे ठेवले की चांगल्या माणसाच्या अंगावर हा मोडका माणूस येऊन बसतो. “एकाचे दोन होतात,” ती म्हणाली, “पण बोलणारा एकपण नाय.”

उजवा डोळा बांधला तर एकाचं एक दिसायचं. पण लांब-जवळ कळायचं नाय. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. पायरी संपली समजून पाय टाकला की अजून एक पायरी असायची. बांधावरून दोनदा खाचरात गेली. एकदा कोंबडी धरायला हात घातलान तर कोंबडी वीतभर पलीकडे. त्या कोंबडीला पण समजलं असावं, ती नंतर हिच्या पुढ्यातूनच चालायची, मुद्दाम.

मार्चमध्ये पेणला तपासणीला गेली तेव्हा बाकावर तिच्या शेजारी किमया नावाची एक मुलगी येऊन बसली, हातात कागद. दवाखान्यात शिकायला आलेली. ऑपरेशननंतर लोकांचं आयुष्य कसं चाललंय ते विचारून लिहायचं, असं तिला काम दिलेलं.

“आजी, मी प्रश्न विचारते. तुम्ही सांगायचं, कधीच नाही, कधी कधी, की नेहमी.”

“इचार.”

“डोळ्यामुळे घरातली कामं करायला अडचण येते?”

“कामं होतात. सांडतं जास्ती.”

“म्हणजे कधी कधी?”

“लिव.”

“पायऱ्या उतरताना भीती वाटते?”

“भीती नाय वाटत. पडते.”

किमया हसू दाबत लिहीत होती. “डोळ्यामुळे लोकांकडे जाणं-येणं कमी झालंय?”

“जाणं मी नाय कमी केलं. येणं त्यांनी केलं.”

“मग… कधी कधी लिहू, की नेहमी?”

“तुज्याकडं अजून काय हाय त्यात?”

“तेवढंच आहे आजी.”

“मग तुला काय बरं वाटंल ते लिव.”

पोरीने कागदावर काहीतरी खरडलंन. काय लिहिलंन ते गिरजाबाईला वाचता आलं नाय.

वाडीतली माणसं दुष्ट नव्हती. आंधळ्याकडे गेलो तर काय बोलायचं, हे लोकांना समजत नाय. “आता कसं हाय?” एवढं विचारून झालं की गप्पांचं पोतं रिकामं. तिला दिसत नाय म्हणून कोणी तिच्याकडे बाजाराचं सांगेना, लग्नाच्या साड्या दाखवीना. साईराज दर रविवारी यायचा आणि तेच बोलायचा, “आये, वरशाला चल. शेत खंडाने देऊ.” ती म्हणायची, “लावणी होऊ दे.” तिचं सगळं त्या लावणीत अडकलेलं. सावडीत हात राहिला तर ती वाडीतली. नाय राहिला तर नुसती वाडीत राहणारी एक म्हातारी. फरक तिला नीट माहीत होता.

जुलैत काळुरामच्या पडवीत पाळ्या लावायला बसले. निरोप आला नव्हता. ती आपणहून गेली. सगळे सरकले, पाट दिला, चहा दिला. काळुरामने घसा साफ केलान.

“वयनी, तुझं शेत आमी लावून देतो. येका दिवसाचं काम. तू नको उतरूस.”

“आणि मी कोणाच्या शेतात?”

“कोणाच्या नाय. तू घरी बस आरामात. भाकरी पण नको करूस, आमी आणू.”

बाया माना हलवत होत्या. सगळ्यांचं मन साफ होतं. पण असं शेत कोणाचं लावून देतात ते गिरजाबाईला माहीत होतं. बाळंतिणीचं. अंथरुणाला खिळलेल्याचं. ज्याच्या घरी मयत झालंय त्याचं. आणि तेही एकच वर्ष.

“मी काय खाटेवर हाय का?” ती म्हणाली. “उद्या तुमच्या शेतात यंतंय. बघा माझा हात, मग बोला.”

दुसऱ्या दिवशी उजवा डोळा फडक्याने बांधून ती उतरली. नम्रता तिच्या उजव्या बाजूला. मूठ हातात आली, चिखल पायाला लागला आणि अंगाला आपोआप सगळं आठवलं. कंबर वाकली, पाय मागे सरकायला लागले. हात खाली जायचा, कधी पाणी अपेक्षेआधीच लागायचं, कधी हात बुडून मनगटापर्यंत जायचा. पण जायचा. तासाभरात ती बाकीच्यांच्या बरोबरीला होती. तिने ओरडून पण बघितलंन, “काय गो, हातरुणं आणू का?” बाया हसल्या. जरा जास्तच हसल्या.

दुपारच्या आधी एक रोप हातातून निसटलं. पुढे लावलेल्या ओळीजवळ कुठेतरी पडलं म्हणून तिने उजवीकडे चाचपायला हात घातलान. चिखलात तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली. नम्रताची. त्या बोटांत गिरजाबाईनेच मघाशी लावलेलं रोप होतं, उपटलेलं, पुन्हा टोचायला निघालेलं.

दोघींचे हात पाण्याखाली थांबले.

“कवापासून करतंस?” गिरजाबाईने विचारलंन.

“काय नाय गो काकी. दोन-चार तरंगत होती.”

“नम्रता.”

“सकाळपासून,” ती पोर पुटपुटली. “काय रोपं वरच राहतात. काय एकावर एक पडतात. बाबा बोलले, तिला कळू देऊ नको.”

म्हणजे एक हात नव्हता. एक हात लावत होता आणि दुसरा हात त्याच्या मागून तेच काम परत करत होता. ती सावडीत आल्याने एक हात वाढला नव्हता, एक कमी झाला होता. गिरजाबाईने हे सगळं वाकलेल्या कंबरेने, तिथेच, समजून घेतलंन. हातातली मूठ संपेपर्यंत लावलीन. नम्रताला म्हणाली, “मागून नको, उघड कर. लाव सरळ.” नम्रता रडायला लागली तर म्हणाली, “रडू नको गो. पाणी बक्कळ हाय खाचरात.”

दुपारी भाकरी खाल्लीन, हात धुतलान आणि सगळ्यांदेखत बोलली.

“काळुराम, माझं घर सावडीत धरू नका. आणि माझ्या शेतात पण उतरू नका.”

“वयनी, राग धरलास का?”

“नाय. तुमचा हात चांगला हाय. पण तो फेडायला माझ्याकडं हात नाय. मग कशाला उतरवू?”

“फेडायचं कोण बोललं गो?”

“कोण नाय बोललं. म्हणूनच नको.”

काळुरामने तंबाखू मळायला घेतलान आणि बराच वेळ मळत राहिला. मनात आणखी काय होतं कोणाच्या, ते मला सांगता येणार नाय. पण मला वाटतं, एकदोघांना हायसं पण वाटलं असेल. माणसंच ती.

तिने आपलं शेत आपण लावलंन. आठ हातांचं एका दिवसाचं काम एकटीने. डोळ्यावर भरवसा सोडून दिलान. लावलेल्या रोपावर डाव्या हाताचा अंगठा टेकवायचा, वीत पसरायची, करंगळी जिथे पडेल तिथे दुसरं रोप. टोचून झालं की बुडाशी बोटाने दाबून बघायचं, धरलंय का. एक ओळ लावायला पूर्वी जेवढ्यात तिचं अर्धं खाचर व्हायचं तेवढा वेळ. बोलायला कोणी नाय. पलीकडे शेजारच्या धनेशच्या शेतात सावड उतरलेली, तिथून हसण्याचे आवाज यायचे. काय विनोद झाला ते कळायचं नाय, हसणं तेवढं कळायचं.

चौथ्या दिवशी बांधावरून धनेशने हाक मारलीन, “काकी, ये जेवायला.”

“माझं आणलंय.”

“काय आणलंस?”

“भूक,” ती म्हणाली. तो हसला, ती पण हसली, आणि तो गेला.

सहाव्या दिवशी साईराज आला. बांधावर उभा राहून त्याने शेत बघितलंन. पॅन्ट वर दुमडलीन आणि उतरला. त्याला लावता येत नाय. मुठी आणून देत राहिला, आईच्या हातात. संध्याकाळी म्हणाला, “आये, वरशाला चल.” ती म्हणाली, “बघू.” तो समजला. परत विचारलंन नाय, त्या दिवसापुरतं.

नवव्या दिवशी रोपं पिवळी पडायला लागली. राबातून, म्हणजे बी टाकून रोपं वाढवतात त्या तुकड्यातून, काढून ठेवलेलं रोप तरी किती दिवस वाट बघणार? मोठं खाचर पुरं झालं होतं, लहान अर्धं बाकी होतं. तिने उरलेल्या मुठी सोडून बघितल्यान, मुळं वासाला आली होती. त्या तिने वाटेवरच्या गुरांना टाकल्यान आणि घरी आली. लहान खाचराचा तो अर्धा भाग त्या वर्षी तसाच राहिला, नुसतं पाणी. बगळे उतरायचे तिथे.

भात आलं. वीत-वीतभर अंतरावर, सगळं तिरपं, पण धरलेलं. कापणी तिने बसून बसून केलीन, मुठीने चाचपून. वालाचं तिला सोपं गेलं, शेंग हाताला कळते.

यंदा जूनमध्ये मी तिच्या घरावरून जात होतो. अंगणाच्या कडेला ती राब भाजलेल्या जागेवर भाताचं बी मुठीने फोकत होती. जागा नेहमीपेक्षा लहान वाटली म्हणून मी विचारलं, “एवढाच राब?”

“अर्धाच टाकला,” ती म्हणाली. “मला लावायला होईल तेवढाच.”

“आणि बाकी शेत?”

तिने हात झटकलान, टोपलीत उरलेलं बियाणं चाचपून बघितलंन आणि कोंबड्यांपुढे ओतून टाकलंन.